धुरपतावहिनीचं कासव

कासव म्हणजे कासव, त्यात ओळखायचं काय, असं आमच्या खैरबोडीत धुरपतावहिनीसमोर कोणी बोललं असतं तर तिनं त्याला उभ्या उभ्या झाडून काढलं असतं. मलाच एकदा काढलं होतं. उन्हाळ्यात तळं आटलं होतं, मी गाळातून एक कासव उचललं आणि मोठ्या तोऱ्यात तिच्यापुढे नेऊन ठेवलं. तिनं एकदा खाली पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "भाऊजी, डोळे हायत का बटनं शिवली हायत?" तळ्याच्या पाळीवर, बांधावर बसलेले सगळे हसले. मी मुकाट्यानं ते कासव होतं तिथं सोडून आलो.

नात्यानं ती माझी वहिनी, माझ्या चुलतभावाची, कृष्णरावाची बायको. कृष्णराव ऐन उमेदीत तापानं गेला तेव्हा त्यांची एकुलती मुलगी, चंद्रकांता, नुकती रांगायला लागली होती. मागे थोडी धानाची शेती होती, तळ्याच्या खालची, म्हणजे पाण्याची ददात नाही. ती मी कसायचो आणि अर्धं धान तिच्या घरी नेऊन टाकायचो. लोक म्हणायचे, तेजरामनं वहिनीला सांभाळलं. खोटं आहे. त्या बाईला सांभाळायची कोणाची टाप नव्हती. उंच, काळीसावळी, आणि आवाज असा की तळ्याच्या पाळीवरून हाक मारली तर पार खालच्या बांदीत धान लावणारी बाई कंबर सरळ करायची. तिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. मीही भ्यायचो, त्यात लाज कसली.

खैरबोडी पवनी तालुक्यात, आसगावच्या अंगाला. वरती तळं, मग तळ्याची पाळ, पाळीखाली घरं, घरांखाली धानाच्या बांद्या. अशा गावात कासवाचं अप्रूप नसतं. पण आमच्याकडे कासवाला एक काम होतं, आणि त्या कामासाठी योग्य कासव निवडून देणं हे वहिनीचं काम होतं.

तिच्या हिशेबानं कासवं तीन. एक नदीचं. वैनगंगेच्या खोल डोहांत राहणारं, भंडाऱ्यापासून पवनीच्या खालपर्यंत कुठंही सापडेल, पण नदी सोडून तळ्यात यायचं नाही. डोकं हिरवट, दोन डोळ्यांच्या मधून मानेपर्यंत काळी रेघ. पिल्लू असताना त्याच्या पाठीवर पिवळ्या काठाचे चार गोल असतात, कोणी डोळे काढल्यासारखे. मोठं झालं की ते गोल पुसट होतात आणि कासव सुपापेक्षाही मोठं होतं. चिडलं तर माणसाचं बोट ठेवत नाही. दुसरं काळं, टणक पाठीचं, पाठीवर तीन धारा. ते नाल्यात, गवताळ पाण्यात पडून असतं. आणि तिसरं ते आमचं, तळ्याचं. पाठ गुळगुळीत, शेवाळी रंगाची, काठाला मऊ. पोट दुधासारखं पांढरट. नाक म्हणजे पुढे आलेली बारीक नळी, पाण्याबाहेर तेवढीच काढतं आणि श्वास घेतं. आणि खरी खूण मागच्या बाजूला. पोटाला मागे कातड्याच्या दोन झडपा असतात. हात लावला की मागचे पाय आत आणि झडपा बंद. वहिनी कासव उलटं करायची आणि अंगठ्यानं त्या झडपा दाबून बघायची. झडपा नसतील तर पुढे बोलायचंच नाही.

हे कासव कुठं राहतं? तळ्यात राहतं, बोडीत म्हणजे लहान तळ्यात राहतं, धानाच्या बांदीत राहतं. रस्त्याकडेच्या खड्ड्यात राहतं. पाऊस पडला की चालत चालत अंगणात येतं. तळं आटलं की गाळात स्वतःला पुरून घेतं आणि पाण्याची वाट बघत पडून राहतं. बेडूक खातं, गोगलगाय खातं, मेलेला मासा खातं, मेलेलं काहीही खातं. मेलेलं खातं म्हणूनच ते आमच्या कामाचं.

कारण आमची पिण्याची विहीर एकच, खालच्या मोहल्ल्यात. दर उन्हाळ्यात तिचा गाळ काढायचा, जुनं कासव तळ्यात सोडायचं आणि नवं कासव हळदकुंकू लावून टोपलीतून विहिरीत उतरवायचं. वर्षभर ते विहिरीची राखण करायचं. किडामुंगी, पडलेली पाखरं, सगळं साफ. बाया सकाळी विहिरीवर गेल्या की दोर सोडायच्या आधी वाकून बघायच्या. कासवाचं नाक वर आलेलं दिसलं की बादली खाली. नाही दिसलं तर थांबायचं, दिसेपर्यंत. कासव जिवंत तोवर पाणी चांगलं, असं आमचं शास्त्र. माझ्या आजोबांनी ते पाळलं, बापानं पाळलं, मीही पाळलं. आणि वहिनी आल्यापासून ती कासव निवडायची, कारण तिची नजर कधी चुकली नव्हती.

आता चंद्रकांतेचं. तिला कारध्याच्या पुढे, नदीकाठच्या गावात दिली होती. जावई तुलाराम, शांत, मेहनती पोरगा. घर खाऊनपिऊन सुखी. पण पोरीच्या पोटी मूल राहत नव्हतं. राहायचं, आणि जायचं. एकदा चौथ्या महिन्यात गेलं. एकदा पूर्ण दिवस भरून जन्मलं आणि रडलंच नाही. त्यानंतर चंद्रकांता माहेरी आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. गालफडं बसलेली, बोलताना दुसरीकडेच बघायची.

वहिनीनं सगळा दोष नदीवर टाकला. "ज्या पान्यात ते माणसं चावणारं कासव राह्यते, ते पानी गरवार बाईले मानवंन का?" म्हणायची. तुलारामच्या घरी नदीचंच पाणी भरायचे. तो बिचारा गाळून, उकळून बायकोला द्यायचा. त्याच्यावरही वहिनी तोंडसुख घ्यायची, बायकोसारखा चुलीपुढे बसतो म्हणून.

अठ्ठ्याहत्तर साली चंद्रकांतेला पुन्हा दिवस गेले. पाचवा महिना लागताच वहिनी स्वतः गेली आणि तिला घेऊन आली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, हे तिसरं, पण तुलारामनं नाही म्हटलं नाही. पोरीला दारात उतरवून घेताना वहिनी मला म्हणाली, "भाऊजी, हे लेकरू मी जगवतो का नाई बघा. माज्या विहिरीचं पानी पेऊ द्या तिले." त्या वर्षात त्या घरात दुसरा विषय नव्हता. म्हशीचं दूध चंद्रकांतेला, तूप चंद्रकांतेला, उठबस चंद्रकांतेची. पोरीच्या अंगावर मांस आलं. ती हसायला लागली. सातव्या महिन्यात एकदा मी गेलो तर ती माजघरात बसून पोटावर हात ठेवून मला म्हणाली, "काका, लाता मारून राहिलं पाहा." मी पुरुषमाणूस. बाहेर आलो आणि उगाच बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. एवढा आनंद झाला होता.

त्या वर्षीचं कासव वहिनीनं विशेष पारखून घेतलं होतं. गावानं सात-आठ आणून दाखवली, तिनं सगळी परतवून लावली. शेवटी स्वतः गेली आणि स्वतः घेऊन आली.

श्रावणात पाण्यानं थैमान मांडलं. तळं सांडव्यावरून वाहायला लागलं, ते पाणी गल्ल्यांतून उतरलं आणि गोठ्यांचं, उकिरड्यांचं सगळं घेऊन खालच्या मोहल्ल्यात साचलं. विहिरीचा कठडा एका बाजूनं खचलेला होता. तिथून ते पाणी आत गेलं. हे सगळ्यांनी पाहिलं. बाया विहिरीवर गेल्या, वाकून पाहिलं. कासव वर आलं, नाक काढलं, खाली गेलं. पाणी गढूळ होतं, पण कासव तर ठणठणीत होतं. बादल्या खाली गेल्या.

आठवड्याच्या आत हगवण-उलटी सुरू झाली. आधी दोन म्हातारी माणसं गेली. म्हातारी माणसं पावसाळ्यात जातातच, असं म्हणून आम्ही त्यांना पोचवून आलो. मग एक तरणा गडी पडला, मग एका घरातली दोन पोरं. मातामायला, गावदेवीला नारळ फोडला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, काय खाल्लं होतं त्यांनी? कोणी म्हणे शिळे मासे, कोणी म्हणे रानातली सात्या, ती पावसाळी आळंबी. विहिरीचं नाव कोणी घेतलं नाही. कशाला घेतील? रोज सकाळी कासव दिसत होतं.

तेव्हा खुशाल आला. सरकारी दवाखान्याकडून गावोगाव फिरणारा पोरगा, सायकल चिखलात ढकलत आलेला, पँट गुडघ्यापर्यंत वर केलेली. पिशवीत पांढरी पावडर. विहिरीवर माणसं जमली. तळ्याचे पंच पुंडलिकराव पुढे उभे, त्यांच्या शेजारी वहिनी. मी धानाच्या रोवण्यावरून तसाच चिखलाच्या पायांनी आलो होतो.

"विहिरीत औषध टाकायचं आहे," खुशाल म्हणाला. "आजचा दिवस पाणी काढू नका, उद्यापासून प्या."

"त्यानं कासव मरते," वहिनी म्हणाली.

"मग बाहेर काढा त्याला. चार दिवसांनी परत सोडा."

"अन् त्या चार दिवसांत पानी चांगलं हाय का वाईट हे कोन सांगन? तू?"

खुशाल थकलेला होता. त्या दिवसांत तो किती गावं फिरला असेल कोण जाणे. तरी तो चिडला नाही. म्हणाला, "मावशी, हा रोग माणसाचा आहे, कासवाला होत नाही. ते गटारात सोडलं तरी जगेल. त्याच्यावरून पाणी कसं कळणार?"

वहिनी हसली. खरंच हसली. "बाबू, कासवाचं मले सांगून राहिला का तू?"

माणसंही हसली. एवढ्या मरणाच्या दिवसांत गावाला हसायला मिळालं, आणि त्या हसण्यात तो पोरगा एकटा पडला. पुंडलिकरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जा गा पोरा, पुढच्या गावी जा. तिथं गरज असंन तुज्या पावडरीची. आमची विहीर राखणीची हाय."

जाताना त्यानं एवढंच सांगितलं की निदान पाणी उकळून प्या. आणि कोणाला जुलाब लागले तर उकळलेल्या पाण्यात मीठ-साखर घालून देत राहा, थांबू नका. ऐकलं सगळ्यांनी. पण पावसाळ्यात ओल्या लाकडांवर भात शिजता शिजत नाही, तिथं पाणी कोण उकळत बसतो.

एकटी चंद्रकांता घाबरली होती. त्या संध्याकाळी मी त्यांच्या पडवीत बसलो होतो, तेव्हा ती आईला म्हणाली, "माय, माज्यापुरतं उकळून घेऊ का? तिकडं हे मले उकळूनच देत."

वहिनीचा चेहरा उतरला. रागावली असती तर बरं, पण तिला ते लागलं. "तिकडं नदी हाय," ती म्हणाली. "तिकडं उकळूनबी काय झालं? इथं माजी विहीर हाय. मी माज्या हातानं राखण सोडली हाय तिच्यात, तुज्यासाठी."  आईनं दिलेला पाण्याचा गडू चंद्रकांतेनं तोंडाला लावला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला पहिला जुलाब झाला. मला निरोप आला तेव्हा मी बांदीत होतो. धावत गेलो तोवर पोरगी भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पोटऱ्यांना गोळे येत होते. वहिनी मीठ-साखर घालून पाणी पाजत होती. विहिरीचंच. उकळायला वेळ कुठं होता, आणि मला नाही वाटत तोवरही तिच्या मनात तसं काही आलं असेल. पाजलेलं तसंच बाहेर पडत होतं. दुपारच्या आत डोळे खोल गेले, बोटांची कातडी सुरकुतली. मी रेंगी जुंपली. आमच्याकडची ती हलकी बैलगाडी, चिखलात बरी चालते. खाली तणस टाकलं, वर घोंगडी. चंद्रकांतेचं डोकं आईच्या मांडीवर, वहिनीच्या हातात पाण्यानं भरलेली बिंदगी. पवनीच्या दवाखान्यात पोचायचं, एवढंच.

वाट म्हणजे नुसता राबडा होता. बैल एक पाय उचलायचे तर दुसरा रुतायचा. मी खाली उतरून चाकाला खांदा लावत होतो. मागून चंद्रकांता पाणी मागत होती, पुन्हा पुन्हा, लहान पोर मागतं तसं. मग तिचा आवाज बदलला. म्हणाली, "माय, हालून नाई राहिलं."

मी चाक सोडून वर पाहिलं. वहिनीनं पोरीच्या पोटावर हात ठेवला, इकडे ठेवला, तिकडे ठेवला. बिंदगी उचलली, गडू भरला, पोरीच्या ओठांपर्यंत नेला आणि तिथंच थांबली. गडूत बघत राहिली. मी तिचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की आता हिला कळलं आहे. 

"माय, दे ना," पोरगी म्हणाली.

आजूबाजूला सगळीकडे पाणीच पाणी, आणि प्यायला द्यायला दुसरं नव्हतं. वहिनीनं ते पाजलं. अर्धं पोरीच्या मानेवर सांडलं. पवनी दिसायच्या आधी चंद्रकांता गेली. मी रेंगी परत फिरवली. येताना वहिनी एक अक्षर बोलली नाही, आणि मला त्या बाईच्या गप्प बसण्याचं भय वाटलं.

तुलाराम दुसऱ्या दिवशी आला. माय-लेकराला एकाच लाकडांवर दिलं. तो रडला नाही, जेवला नाही, आमच्या ओट्यावर बसून राहिला. मला एकदाच त्यानं विचारलं, "काका, पानी उकळून नाई देल्लं का तिले?" मी मान खाली घातली.

गावात आणखी माणसं गेली. मग मात्र बोलाचाली सुरू झाली. कासव जिवंत, आणि माणसं मरून राहिली, हे कसं? या प्रश्नाला दोनच उत्तरं होती. एक तर कासवाला पाण्याचं काही कळत नाही. नाहीतर हे कासवच वेगळं आहे. पहिलं उत्तर मानलं तर आपले बाप-आजे मूर्ख ठरतात आणि खुशालला हसणारे आपण त्याहून मूर्ख. मग माणसं कोणतं उत्तर उचलतील, तुम्हीच सांगा.

राख सावडून आलो त्या दिवशी पुंडलिकरावांनी टोपली सोडून कासव वर काढवलं आणि सगळ्यांना विहिरीवर बोलावलं. वहिनीलाही बोलावलं. मी म्हटलं नका बोलावू, तर म्हणे तिच्याच भल्याचं आहे. ती आली. केस तसेच, लुगडं तेच. तुलाराम माझ्याजवळ उभा होता. कठड्यावर ते कासव, चांगलं गलेलठ्ठ झालेलं.

पुंडलिकराव वाईट माणूस नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं आवाज मऊ केला. "धुरपता, आमी सगळ्यांनी पाह्यलं. हे आपल्या तळ्याचं वाटत नाई. गेल्या सालच्या पुरात नदीचं पिल्लू वर चढून आलं असंन, अन् घाईत तुजी नजर चुकली असंन. व्हते मान्साचं. कोनी तुज्यावर बोट नाई ठेवनार. तू फक्त व्हय म्हन. हे नदीत सोडून देऊ, दुसरं आनू, सुटलं."

तुलारामनं मान वर केली. त्याचे डोळे वहिनीवर खिळले होते. मला स्पष्ट दिसत होतं की त्याला तिनं व्हय म्हणायला हवं आहे. सासूची नजर चुकली, हे त्याला सोसलं असतं. त्या एका शब्दावर तो तिच्या पाया पडून रडला असता. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मामी, चुकलं म्हना ना."

वहिनीनं कासव उचललं. उलटं केलं. अंगठा दाबला, मागचे पाय आत गेले, झडपा बंद झाल्या. ते तिनं पुंडलिकरावांच्या नाकासमोर धरलं. मग सुलटं करून पाठ दाखवली, डोकं दाखवलं.

"याच्या डोक्यावर रेघ हाय का? पाठीवर गोल हाय का? झडपा तुमी पाह्यल्या." आवाज अगदी खाली होता, त्या बाईचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "हे तळ्याचं हाय. म्या बरोबर निवडलं. म्हशी लोळतात त्या डबऱ्यातून आनलं होतं म्या हे. तिथं मेलेलं वासरू फुगून पडलं होतं, त्याच्या बाजूनंच हे पोहून राहिलं होतं, धष्टपुष्ट. म्हनूनच आवडलं मले. ते कोनत्याबी पान्यात जगते जवाईबापू. हे मले लहानपनापासून ठाव हाय. पोट्टा सांगत होता तं मी हासली त्याले."

 तुलाराम वळला आणि चालायला लागला. पायात वहाणाही घातल्या नाहीत. तो पुन्हा खैरबोडीत आला नाही.

पुंडलिकराव म्हणाले, "बाई दुःखात हाय. तिचं आता काय आयकता." दोन गड्यांनी ते कासव पोत्यात घातलं आणि नदीत सोडायला घेऊन गेले. त्याच दिवशी खुशाल पुन्हा आला. विहिरीत कासव नव्हतं, अडवायला वहिनी नव्हती, त्यानं पावडर टाकली. दोन दिवस पाण्याला वास येत होता. पुढच्या आठवड्यात रोग हटला.

आता ऐका आमच्या गावाचं शहाणपण. रोग पावडरीनं हटला असं एकही माणूस म्हणाला नाही. नदीचं कासव बाहेर काढलं म्हणून हटला. पुढच्या उन्हाळ्यात विहीर उपसली तेव्हा कासव पुंडलिकरावांनी निवडलं. मी भांडलो. गावासमोर भांडलो, त्यांना नाही नाही ते बोललो, म्हटलं तुम्ही तुमच्या डोळ्यांनी झडपा पाहिल्या. ते म्हणाले, तेजराम, तू तिच्या घरचा, तू असंच बोलशील. कासव हळदकुंकू लावून खाली उतरलं. बाया वाकून बघायला लागल्या.

वहिनी त्यानंतर पाळीवर कधी गेली नाही. पाणी उकळून प्यायची. विहिरीवर जाणाऱ्या गरोदर बाईला थांबवायची आणि सांगायची, माय, उकळून पेजो. त्या बाया मान हलवून पुढे जायच्या आणि तिच्या पाठीमागे म्हणायच्या, हिलेच तर कासव ओळखता आलं नाही, ही काय सांगते. पोरंसुद्धा बोलायला लागली. जिच्या नजरेवर गाव पाणी प्यायचं, तिला धड कासव ओळखता येत नव्हतं, असं तिचं नाव झालं. आसगावपर्यंत पोचलं. आजही आमच्याकडे कोणालाही विचारा, हेच सांगतील, अठ्ठ्याहत्तर साली धुरपताबाईनं नदीचं कासव विहिरीत सोडलं होतं.

ती पंच्याऐंशी साली गेली. त्याच्या आदल्या वर्षी एकदा बाजारात एकानं माझ्या तोंडावर हीच गोष्ट सांगितली, मला, आणि मी त्याची गचांडी धरली. घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. संताप आवरत नव्हता. म्हटलं, वहिनी, मी एकेकाला धरून खरं काय ते सांगणार आहे.

ती चुलीपुढे बसली होती. पाण्याला आधण आलं होतं.

"म्हनू द्या भाऊजी," ती म्हणाली. "तसं खरंच झालं असतं तं मी रातची झोपली असती."